मागेल त्याला रोप

ज्याच्या अंगणात चार झाडे हिरवीगार दिसतात, त्याच्या दारी मागणारा यायचाच. कुणाला तुळशीची रोपे हवी असतात, कुणाला मोगऱ्याची फांदी, कुणाला कढीलिंबाचा फुटवा. मागणाऱ्याच्या हातात रिकामा डबा असतो. पैशाची गोष्ट निघत नाही, कारण झाडाला कसले पैसे, असे सगळ्यांनाच वाटते. देणाराही पहिल्यांदा आनंदाने देतो. पाचव्यांदा मात्र त्याच्या कपाळाला बारीकशी आठी पडते. प्रस्तुत लेखकाचीच गोष्ट सांगतो. अनंताच्या फांद्या लावून मोठ्या कष्टाने तीन रोपे जगवली होती. शेजारून मागणी आली. त्याच घरी आधी दिलेली दोन रोपे पाण्यावाचून वाळलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. मी सांगून टाकले की यंदा एकाही फांदीने मूळ धरले नाही. रोपे तर मागच्या पडवीत झाकून ठेवलेली! रात्री पाठाला बसलो, पण मन काही लागेना.

पुढे लवकरच एका परदेशी माळ्याचे चरित्र वाचनात आले आणि ते मनातून जाईना. सावता महाराजांच्या मळ्याची आठवण वारकऱ्याला करून द्यावी लागत नाही. हा माळी मात्र दूर अमेरिकेतला, त्याचा पंथ वेगळा, त्याचे झाड वेगळे. नाव जॉन चॅपमन. तिकडचे लोक त्याला जॉनी ऍपलसीड म्हणतात, म्हणजे सफरचंदाच्या बियांचा जॉनी. तिकडच्या लहान मुलांनाही हे नाव ठाऊक असते. मी त्याचा उल्लेख एकेरी करणार आहे, तो मायेने, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

जॉनीचा जन्म 26 सप्टेंबर 1774 रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या लेमिन्स्टर गावी झाला. अमेरिकेने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले ते पुढच्याच साली. बाप नॅथॅनिएल त्या लढाईत शिपाई म्हणून गेला. 1776 च्या उन्हाळ्यात आई वारली. तेव्हा जॉनीला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. आईबरोबर नुकताच जन्मलेला भाऊही गेला. 1780 साली बापाने दुसरे लग्न केले आणि त्या घरात आणखी दहा मुले झाली. जॉनीच्या बाळपणाविषयी याहून फारसे सांगण्यासारखे नाही. तो तरुणपणी घर सोडून पश्चिमेकडे निघाला आणि 1797 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या वायव्य कोपऱ्यातल्या जंगलात दिसू लागला, येथून त्याची खरी कथा सुरू होते.

त्या वेळी पश्चिमेकडे नवी वस्ती सरकत होती. ओहायो नदीपलीकडची ही भूमी मूळच्या रहिवासी जमातींची. 1795 च्या ग्रीनव्हिलच्या तहाने तिचा मोठा भाग त्यांच्या हातून गेला आणि पूर्वेकडून गाडी-बैल, बायकापोरे, कुऱ्हाड आणि कढई घेऊन गोरी कुटुंबे येऊ लागली. जंगल तोडायचे, लाकडाची झोपडी उभारायची, मका पेरायचा. पण नुसत्या मक्यावर माणूस किती दिवस काढणार? सफरचंद हे त्या संसाराचे मोठे आधाराचे फळ होते. चकत्या वाळवून हिवाळ्यात खायच्या, शिरका करायचा, त्यात भाज्या मुरवायच्या, उरलेले गुराडुकरांना घालायचे. शिवाय ओहायो कंपनीने वसाहतीसाठी 100-100 एकरांचे तुकडे दिले, त्यांना अशी अट होती की धन्याने ठरल्या मुदतीत 50 सफरचंदाची आणि 20 पीचची झाडे लावावीत. बाग लावली म्हणजे माणूस टिकून राहणार, नुसता ठिय्या देऊन पळणार नाही, असा तो हिशेब. पण बी पेरून फळ धरायला आठ-दहा वर्षेसुद्धा लागतात. दोन-तीन वर्षांचे तयार रोप कुणी दिले, तर संसाराची तेवढी वर्षे वाचतात!

जॉनीने नेमके हेच ओळखले. पेनसिल्व्हेनियात सफरचंदाचा रस काढण्याचे घाणे होते. आपल्याकडची उसाची गुऱ्हाळे डोळ्यांपुढे आणा. रस काढल्यावर चोथ्याचे ढीग पडत. तो चोथा धुऊन जॉनी बिया वेचून काढी. घाणेवाले त्याचे काही घेत नसत, टाकाऊ मालाचे काय घेणार? त्या बिया चामड्याच्या पिशव्यांत भरून तो पायी किंवा लहान होडीतून निघे. 1806 साली दोन होड्या एकत्र बांधून, त्यात बिया भरून तो ओहायो नदीतून खाली आला, ही त्याच्या चाहत्यांची आवडती आठवण आहे. वस्ती अजून पोहोचायची असे, पण लवकरच पोहोचणार हे दिसत असे, अशा ठिकाणी ओढ्याकाठची सुपीक जागा तो हेरी. झाडी साफ करून बी पेरी, भोवती काट्याकुट्यांचे भक्कम कुंपण घाली आणि पुढे जाई. दोन-चार वर्षांनी बैलगाड्या येऊन पोहोचत, तेव्हा रोपे गुडघ्याच्या वर आलेली असत.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. चित्रांत जॉनी रस्त्याने चालता चालता मुठीने बिया उधळताना दिसतो. तसे नव्हते. गुरे, हरणे काय खाणार नाहीत? तो रोपवाटिका लावी, कुंपण घाली, जवळच्या एखाद्या शेतकऱ्याला वाट्याने राखायला देई आणि वर्षा-दोन वर्षांनी फेरी मारून कुंपण दुरुस्त करी. जमिनीही त्याने रीतसर विकत घेतल्या होत्या. म्हणजे माणूस भोळा असेल, पण वेंधळा नव्हता. अलीकडचे काही अभ्यासक तर त्याला चांगला व्यवहारी माणूसच म्हणतात, आणि ते मला खटकत नाही. ज्याच्याजवळ काही नाही तो देणार तरी काय?

आता मुद्द्याची गोष्ट. त्याच्या रोपाला किंमत होती. एका रोपाला फिप नावाचे नाणे, म्हणजे सव्वासहा सेंट. डॉलरचा तो सोळावा हिस्सा. आपल्या जुन्या हिशेबात रुपयातला एक आणा म्हणा ना! पण नव्या वस्तीत रोख पैसा कुणाजवळ असणार? पुष्कळ लोक रिकाम्या हातांनी येत. मग जॉनी मक्याचे पीठ घेई. कुणी जुना सदरा देई, फाटके जोडे देई, तेही घेई. काहीच नसेल तर पुढे केव्हा तरी देईन अशी चिठ्ठी लिहून घेई. या चिठ्ठीत फेडीची तारीख घालत नसत. तारीख घातली आणि नेमके त्या दिवशी बिचाऱ्याकडे नसले तर? चिठ्ठी फिटली तर फिटली, न फिटली तर जॉनी कुणाच्या दारी तगाद्याला गेला नाही. राखणदारांनाही त्याचे सांगणे असे होते की होता होईल तो उधारीवर द्यावे. आणि अगदीच गरीब असेल, त्याला रोपे फुकट.

वाचकहो, या रीतीवर मी पुष्कळ विचार केला. सगळीच रोपे फुकट वाटायची होती तर किंमत ठेवली कशाला? आणि किंमत ठेवली तर वसूल का केली नाही? जॉनीने याचे उत्तर लिहून ठेवलेले नाही. माझी समजूत सांगतो. नव्या मुलखात आलेला माणूस कष्टाळू असतो, मानी असतो. त्याच्या पोराबाळांदेखत त्याला याचक करणे बरे नाही. फाटका सदरा दिला तरी त्याने काही तरी दिलेले असते, आणि रोप घरी नेताना त्याची मान ताठ असते. शिवाय ज्या रोपासाठी आपण पसाभर पीठ दिले, त्याला माणूस पाणी घालतो. माझी दोन रोपे वाळली, त्यांच्यासाठी मी कुणाकडून एक मूठ शेणखतही मागितले नव्हते! चिठ्ठीचेही तसेच. ती सावकाराची चिठ्ठी नव्हती. घेणाऱ्याच्या मनाशी बांधलेली ती एक गाठ होती, सोडायची की नाही ते त्याने ठरवायचे.

मोबदल्यात मिळालेल्या कपड्यांचे काय होई, तेही ऐकण्यासारखे आहे. त्यातले बरे असेल ते तो वाटेत आपल्याहून उघडा दिसेल त्याला देऊन टाकी आणि उरलेले लक्तर स्वतः वापरी. कॉफीच्या गोणपाटाला तीन भोके पाडून तो अंगरख्यासारखे घाली, पुष्कळदा हिवाळ्यातसुद्धा अनवाणी चाले. डोक्यावर टोपीऐवजी पत्र्याचे भांडे घाली आणि त्याच भांड्यात मक्याची लापशी शिजवी, असेही सांगतात. भांड्याची गोष्ट खरी की खोटी कोण जाणे, पण अनवाणी पायांविषयी इतक्या जणांनी सांगितले आहे की ते खोटे म्हणवत नाही. लग्न त्याने केले नाही. रात्र पडेल तिथे कुणाच्या झोपडीत जमिनीवर निजे, आधी घरच्या पोरांचे खाणे झाले का ते पाही. उतारवयात मांसही वर्ज्य केले. बाहेर शेकोटी पेटवली तर त्यात डास पडून मरतात हे पाहून त्याने ती विझवून टाकली, अशी आठवण आहे. वस्तीकरी लोक थकलेले, लंगडे घोडे रानात सोडून देत. जॉनी ते विकत घेई आणि कुणाकडे तरी चाऱ्यापाण्याची सोय करून देई. रोपांचे पैसे असे जात.

त्याच्या झोळीत बियांबरोबर पुस्तके असत. स्वीडन देशात एमॅन्युएल स्वीडनबॉर्ग (1688–1772) नावाचा विद्वान होऊन गेला. आधी तो खाणी आणि शास्त्रे यांत रमलेला होता, पुढे त्याला ईश्वरी दर्शने होऊ लागली आणि त्याने पुष्कळ ग्रंथ लिहिले. सृष्टीतल्या प्रत्येक वस्तूमागे एक आध्यात्मिक अर्थ उभा आहे, ही त्याची शिकवण. जॉनी या पंथाचा निष्ठावंत प्रचारक होता. पुस्तके महाग आणि थोडी, वाचणारी घरे लांब लांब. म्हणून तो एका पुस्तकाचे सुटे भाग करी आणि एकेका घरी एकेक भाग ठेवी. पुढच्या फेरीला या घरचा भाग त्या घरी आणि त्या घरचा या घरी. मधला भाग आधी आणि पहिला नंतर, असा क्रम उलटासुलटा होई, पण ग्रंथ फिरत राही. 1817 साली इंग्लंडातल्या मँचेस्टर येथे या पंथाचा अहवाल निघाला, त्यात सफरचंदाच्या बिया पेरीत आणि पुस्तके वाटीत फिरणाऱ्या या अनवाणी माणसाचा उल्लेख आला होता. ज्याला आपल्या सप्ताहात एकाच पोथीभोवती दाटीवाटीने बसलेली मंडळी आठवतात, त्याला जॉनीची युक्ती चटकन पटेल.

मूळच्या रहिवाशांशीही त्याचा स्नेह होता. ते त्याला इजा करीत नसत, तो त्यांच्या वस्तीत निःशस्त्र जाई. 1812 साली अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात पुन्हा युद्ध पेटले, तेव्हा मात्र दोन्ही बाजूंनी रक्त सांडले. त्या युद्धाच्या काळात मॅन्सफील्ड गावात एका दुकानदाराचा खून झाला, लोक घाबरून गढीत शिरले. मदत आणायची तर माउंट व्हर्नन गाव पंचवीस-तीस मैलांवर, रात्र, आणि वाट जंगलाची. जॉनी निघाला. वाटेतल्या झोपड्यांना जागे करीत तो पोहोचला आणि सकाळपर्यंत शिपाई घेऊन परतला. त्या झोपड्यांतल्या कित्येकांच्या दारी त्याचीच रोपे असतील.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या आहेत. त्या त्याच्या कीर्तीला उण्या आणणाऱ्या आहेत, पण चरित्र लिहायचे तर त्या गाळता येत नाहीत.

पहिली कलमाची. सफरचंदाचे बी आईच्या गुणावर जात नाही. आपल्याकडे कोयीचा रायवळ आंबा कसा निघेल ते सांगता येत नाही, हापूस हवा तर कलमच बांधावे लागते, तसेच तिकडे. जॉनीच्या काळी कलमे बांधणारे माहीत नव्हते असे नाही. ओहायोतच मॅरिएटा गावाजवळ कलमी झाडांची रोपवाटिका होती. पण झाडाला चाकू लावणे म्हणजे त्याला दुखवणे, अशी जॉनीची श्रद्धा. तो बीच पेरत राहिला. त्यामुळे त्याच्या झाडांची फळे बहुतेक आंबट, तुरट निघत. खाण्यापेक्षा ती रस काढायला बरी, आणि तो रस पिंपात आंबवून लोक पीत. साधे बोलायचे तर जॉनीच्या पुष्कळ झाडांची फळे मद्यात गेली. माळकरी वाचकाला हे ऐकून कसेसे होईल, मलाही झाले. पण रोप देणाऱ्याने घेणाऱ्याच्या पिंपावर पहारा ठेवायचा म्हटले, तर कुणालाच काही देणे व्हायचे नाही. आणि त्याच आंबट झाडांच्या गर्दीत मधूनच एखादे झाड गोड निघे. अमेरिकेतल्या पुष्कळ नावाजलेल्या जाती अशाच कुणाच्या तरी बांधावर बीपासून आपोआप उगवलेल्या.

दुसरी गोष्ट तणाची. शेवंतीच्या कुळातली, पांढऱ्या फुलांची, उग्र वासाची एक वनस्पती तिकडे असते, तिला लोक कुत्र्याची बडीशेप अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. तिने हिवताप बरा होतो असे जॉनीला वाटे. दलदलीच्या त्या मुलखात हिवतापाने घरेच्या घरे अंथरुणाला खिळत, म्हणून कळवळ्याने तो घराघरांजवळ तिचे बी पेरीत गेला. ताप काही गेला नाही, तण मात्र शेताशेतांत माजले. आपल्याकडे गाजरगवताने जो पिच्छा पुरवला, तो ज्यांनी भोगला आहे त्यांना ओहायोच्या शेतकऱ्याचा वैताग सांगायला नको. सफरचंदाचे रोप लोक मागायला आले तेव्हा त्याने दिले. हे तण कुणी मागितले नव्हते. हेतू दोन्हीकडे एकच होता, तरी एकाच्या नावाने लोक अजून टोपी काढतात आणि दुसऱ्याच्या नावाने त्या काळचे शेतकरी दात-ओठ खात.

असो. वस्ती जशी पश्चिमेला सरकली, तसा जॉनीही सरकला. 1830 नंतर त्याचे पाय इंडियाना प्रांतातल्या फोर्ट वेन गावाकडे वळले. साठी जवळ आली होती, फिरणे थांबले नव्हते. 1837 साली अमेरिकेत बाजार कोसळला, बँका बुडाल्या. सव्वासहा सेंटांचे रोप दोन-तीन सेंटांवर आले. उधारीच्या चिठ्ठ्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको. तरीही त्याने रोपे लावणे सोडले नाही. उलट अखेरच्या काळात त्याच्या एका रोपवाटिकेत 15,000 झाडे उभी होती.

1845 च्या मार्च महिन्यात, फोर्ट वेनजवळ एका ओळखीच्या कुटुंबाच्या झोपडीत तो आजारी पडला आणि छातीच्या विकाराने गेला. वय 70. फोर्ट वेनच्या वर्तमानपत्राने त्याच महिन्यात बातमी दिली. गावकऱ्यांना तो फाटक्या गोणपाटातला म्हातारा म्हणून माहीत होता, आणि मागाहून कळले की त्याच्या नावावर ओहायो आणि इंडियाना मिळून 1,200 एकरांवर जमीन होती. काही जमिनी तर त्याने घेऊन दप्तरात नोंदवल्याच नव्हत्या, त्या तशाच हातच्या गेल्या. मग हक्क सांगणारे आले. मजुरीचे, राखणीचे, खाण्यापिण्याचे दावे लागले. थोडी जमीन कराच्या थकबाकीत विकली गेली, आणि उरलेली बरीचशी कोर्टकज्ज्यात संपली. ज्याने जन्मभर कुणाकडे तगादा केला नाही, त्याच्या मागे तगादेवाल्यांची रांग लागली!

त्याचे नाव साऱ्या देशभर झाले ते पुढे 26 वर्षांनी, 1871 साली हार्पर्स मासिकात त्याच्यावर लेख आला तेव्हा. 1966 साली त्याच्या नावाने टपालाचे तिकीट निघाले. फोर्ट वेनला त्याच्या नावाची बाग आहे, तेथे एका उंचवट्यावर कुंपण घालून त्याचे थडगे दाखवतात. देह नेमका त्याच ठिकाणी ठेवला की थोडा पलीकडे, यावर तिकडचे लोक अजून वाद घालतात. भोवती सफरचंदाची झाडे आहेत.

झाकून ठेवलेल्या माझ्या तीन रोपांपैकी एक मी मागाहून शेजारी नेऊन दिले. खोटे बोललो होतो तेही सांगितले. बदल्यात पसाभर शेणखत मागितले, तर त्यांनी घमेले भरून आणून टाकले. रोपाला अजून दोनच नवी पाने आली आहेत.